टप्प्यात येणे : तेर, नळदुर्ग, परंडा आणि आभासी जगातील अंतराचे नियम

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या मार्गदर्शिकेत दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांची नोंद आहे. बॅरिगाझा, म्हणजे आजचे भरूच, येथून दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अज्ञात लेखक सांगतो, आणि तगरहून निघालेला कापडाचा माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून बंदरापर्यंत आणला जातो, असेही तो नोंदवतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे तेर होय, ही ओळख जे. एफ. फ्लीट या शिलालेखतज्ज्ञाने १९०१ मध्ये पटवून दिली. त्यापूर्वी जुन्नर, दौलताबाद अशी अनेक नावे पुढे केली जात होती. तेर पैठणच्या अगदी पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. भरूच ते पैठण हे अंतर त्याच मापाने सुमारे ३५० किलोमीटर भरते. दिवसांचा हिशेब दोन्ही टप्प्यांना लावून पाहिला, तर दर दिवसास पंधरा ते अठरा किलोमीटर अशी जवळजवळ सारखीच चाल निघते. लेखकाचे दिशेचे ज्ञान ढोबळ असले, तरी अंतराचे ज्ञान पक्के होते, कारण ते बैलांच्या पायांनी मोजलेले होते.

याच तगराशी दूरस्थ उपस्थितीचा एक वेगळा इतिहास जोडलेला आहे. नवव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान कोकणात आणि कोल्हापूर परिसरात राज्य करणाऱ्या शिलाहार राजांनी आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी, हे बिरुद आवर्जून लावले. त्यांची सत्ता तेरवर नव्हती आणि त्यांच्या राजधान्या तेथून कित्येक दिवसांच्या वाटेवर होत्या. तरीही कुळाचे मूळस्थान म्हणून ते नगर प्रत्येक दानपत्रात हजर राहिले. दान घेणाऱ्या ब्राह्मणाला आणि ताम्रपट वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो राजा तगराचा स्वामी म्हणूनच दिसावा, अशी ती योजना होती. गाडीवानासाठी दहा दिवस दूर असलेले गाव ताम्रपटाच्या पहिल्या काही ओळींत अगदी जवळ येत असे, आणि ही दोन्ही अंतरे आपापल्या व्यवहारात खरीच होती.

अंतर कोणत्या मापाने धरायचे आणि कोणाला काय दिसते असे मानायचे, हे दोन प्रश्न गेल्या चार दशकांत एका अगदी नव्या ठिकाणी, टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, नव्याने सोडवावे लागले आहेत. या खेळात चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक काल्पनिक पात्र चालवतात, ‘गेममास्टर’ म्हटला जाणारा एक जण जग आणि त्यातील इतर सर्व पात्रे सांभाळतो, आणि एखादी कृती साधली की नाही हे फासे ठरवतात. त्यातील ‘सायबरपंक’ या प्रकारात कथानक नजीकच्या भविष्यातील महाकाय कंपन्यांच्या शहरांत घडते आणि काही पात्रे मेंदू थेट संगणकजालाला जोडून एका आभासी जगात शिरतात. त्या जगाला लांबी-रुंदी नाही. तरीही तेथे कोण जवळ, कोण दूर, कोण दिसले आणि कोण लपले, हे नियमपुस्तकाला सांगावेच लागते. अन्यथा खेळ पुढे सरकत नाही. या नियमांचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की अंतराचा प्रत्येक नियम वस्तुतः कोणाला कोणाच्या किती जवळ जावे लागेल, आणि त्या जवळिकीचा धोका कोण पत्करील, याची आधीच केलेली वाटणी असतो. धाराशिव जिल्ह्यातील किल्ल्यांनी ही वाटणी दगडात केलेली आहे, म्हणून त्या किल्ल्यांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या काठी काळ्या पाषाणाच्या पठारावर पसरलेला आहे. बहामनी काळात आणि त्यानंतर आदिलशाहीत त्याची तटबंदी वाढत गेली, आणि १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत नदीवर बंधारा घालून मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपकिल्ला जोडण्यात आला. या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन धबधब्यांच्या रूपाने खाली कोसळत असताना आतील दालनात बसलेला माणूस कोरडा राहतो आणि पाण्याच्या पडद्याआडून बाहेर पाहतो. बाहेरच्याला मात्र केवळ पाणी दिसते. इब्राहिमाने ही रचना विलासासाठी करवली असेल, पण तिचे तत्त्व किल्ल्याच्या इतर सर्व अंगांत लष्करी हेतूने वापरलेले आहे. तटातील जंग्या, म्हणजे भिंतीच्या जाडीतून तिरकस काढलेली मारगिरीची छिद्रे, आतल्या बंदूकधाऱ्याला बाहेरच्या जमिनीचा रुंद पट्टा दाखवतात, तर बाहेरच्या हल्लेखोराला त्याच छिद्राची जेमतेम एक काळी फट दिसते. उपळ्या बुरूज तर तटापासून सुटा, किल्ल्याच्या आत, सर्वांत उंच जागी उभा आहे. त्याच्यावर चढलेल्या पहारेकऱ्याला शत्रूची छावणी कोठे पडते ते दिसावे आणि वरच्या लांब तोफांना चहूबाजूंस तोंड फिरवता यावे, हा त्याचा हेतू उघड आहे.

मुख्य दरवाजाची वाट मात्र याच्या उलट आखलेली आहे. ती वळणे घेत, बुरुजांच्या कुशीतून जाते, त्यामुळे शत्रूला दरवाजा दुरून दिसत नाही आणि दिसतो तेव्हा तो बाजूच्या तटावरून होणाऱ्या माऱ्याच्या टप्प्यात आधीच आलेला असतो. बुरुजाने रक्षकाची नजर लांबवली आणि वाटेने हल्लेखोराची नजर आखूड केली, असे हे बांधकाम आहे. मैदानावर दोन माणसांमधील अंतर दोघांनाही सारखेच असते. किल्ला मात्र तेच अंतर एका पक्षासाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त करून ठेवतो. दुर्गशास्त्राची ही किमया तोफा-बंदुकांच्या वर्णनात अनेकदा हरवते, पण किल्ला समजून घ्यायचा तर तीच आधी समजून घ्यावी लागते.

परंड्याचा किल्ला सपाट जमिनीवरील भुईकोट असल्याने त्याला उंचीचा आधार नव्हता. खंदक, दुहेरी तट आणि एकामागून एक वळणावर येणारे दरवाजे यांनी ती उणीव भरून काढली, आणि सतराव्या शतकातील दोन मुघल वेढ्यांनी या रचनेची परीक्षा घेतली. १६३१ च्या सुमारास आझमखानाने घातलेला वेढा चाऱ्याच्या टंचाईमुळे उठवावा लागला. १६३४ मध्ये शहाजादा शुजा आणि महाबतखान यांनी घातलेला वेढाही निष्फळ ठरला. दोन्ही वेळा वेढा घालणाऱ्यांना तटापर्यंतचे अंतर फारसे भारी पडले नाही. भारी पडले ते घोड्यांना लागणाऱ्या गवतापर्यंतचे अंतर, जे वेढा लांबेल तसे रोज वाढत गेले आणि जेथे आदिलशाही स्वारांच्या टोळ्या वाट पाहत असत.

याच परंड्यात काही काळ मलिक-ए-मैदान ही प्रसिद्ध तोफ होती. १५४९ मध्ये अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतलेली, सुमारे चौदा फूट लांब आणि पंचावन्न टन वजनाची ही तोफ निजामशाही कोसळत असताना, १६३२ मध्ये, मुरार जगदेव पंडिताने विजापुरास नेली. परंडा ते विजापूर हे सरळ रेषेतील सुमारे १६० किलोमीटरचे अंतर एखादा जासूद थोड्या दिवसांत तोडीत असे; तोफेला त्याच वाटेवर लागलेले जनावरांचे, माणसांचे आणि वेळेचे बळ वेगळ्याच मापाचे होते. एका वाटेची लांबी तिच्यावरून काय न्यायचे आहे त्यावर अवलंबून असते, हे तगरच्या गाडीवानाप्रमाणे मुरारपंतालाही ठाऊक असणार.

किल्ल्यांचे हे गणित कागदावर आणून त्याचा खेळ करण्याचे काम युरोपात, प्रशियाच्या लष्करात झाले. फॉन राइसविट्झ या पितापुत्रांनी तेथे ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, विकसित केला. वडिलांची रचना १८१२ मध्ये राजापुढे मांडली गेली, आणि लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. खेळ १ : ८००० या प्रमाणाच्या नकाशावर चाले, पलटणीची चाल आणि तोफेचा पल्ला त्या प्रमाणात मोजले जात आणि माऱ्याचा परिणाम फाशांवरून ठरे. त्यातील सर्वांत दूरगामी कल्पना पंचाची होती. दोन्ही बाजूंचे सेनापती पंचाला लेखी हुकूम देत आणि ज्या तुकड्या टेकडी, रान किंवा अंतर यांमुळे दिसणे शक्य नाही त्या पंच नकाशावर मांडतच नसे. जे आहे आणि जे दिसते यांत फरक ठेवणारा माणूस खेळात प्रथमच स्वतंत्र अधिकाराने बसला. आजचा गेममास्टर हा याच पंचाचा वारस आहे.

अमेरिकेतील हौशी युद्धखेळाडूंकडून ही परंपरा पुढे सरकली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पहिल्या भूमिकाखेळात उतरली. त्यात अंतरे अजूनही टेबलावरील इंचांत दिलेली होती, परंतु एक इंच तळघरात दहा फूट आणि उघड्यावर दहा यार्ड मानला जाई. बंद जागेत अंतर आखडते आणि मोकळ्यावर पसरते, हा नियम गणिताच्या दृष्टीने विचित्र वाटला तरी परंड्याच्या दरवाजातून आत शिरलेल्या कोणालाही तो पटला असता.

विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ मध्ये आली आणि संगणकजालाचे दृश्य, शिरता येईल असे अवकाश वाचकांच्या मनात रुजले. त्यानंतर माइक पॉंडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ १९८८ मध्ये, त्याची ‘सायबरपंक २०२०’ ही सुधारित आवृत्ती १९९० मध्ये आणि एफएएसए या प्रकाशनाचा ‘शॅडोरन’ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. या खेळांपुढील अडचण नवी होती. फोनच्या तारेतून जगातील कोणत्याही यंत्राशी क्षणात जोडले जाता येत असेल, तर घरात बसलेल्या पात्राला हजारो कोसांवरील तिजोरी उघडण्यापासून कोणता नियम अडवणार?

दोन्ही खेळांनी आरंभी जी उत्तरे दिली त्यांत जुन्या नकाशाची छाया स्पष्ट दिसते. पॉंडस्मिथ यांच्या खेळात इहारा आणि ग्रब या काल्पनिक संशोधकांच्या सूत्रांमुळे जालाला भूगोल लाभतो, खऱ्या जगाच्या प्रदेशांशी जुळणारे चौकटींचे नकाशे पुस्तकात दिले जातात, आणि एका प्रदेशातून दुसऱ्यात जाण्यासाठी दूरअंतराच्या दुव्यांतून जावे लागते, ज्या प्रत्येक दुव्यावर माग काढला जाण्याची शक्यता वाढते किंवा घटते. शॅडोरनच्या पहिल्या आवृत्तीत याहून अमूर्त वाट निवडली गेली : एखाद्या कंपनीची संगणकव्यवस्था प्रवेशद्वार, उपकेंद्रे, माहितीची कोठारे आणि मध्यवर्ती केंद्र अशा एकमेकांना जोडलेल्या ठाण्यांची बनलेली असे, आणि अंतर म्हणजे मध्ये किती ठाणी लागतात एवढेच. शिरणाऱ्या पात्राला, ज्याला ‘डेकर’ म्हणतात, आत एक आभासी देह मिळे आणि त्या देहाच्या चार गुणांपैकी एक नजर तीक्ष्ण करणारा, तर दुसरा स्वतःला झाकणारा असे. जंगीच्या आतला आणि बाहेरचा यांच्यातील विषमता येथे दोन आकड्यांत उतरली होती.

शॅडोरनच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत हे नियम सर्वाधिक बारकाईने मांडलेले आहेत. तेथे जाल बिनतारी झालेले आहे आणि प्रत्येक यंत्राची एक दृश्य प्रतिमा, म्हणजे ‘आयकॉन’, जालात तरंगत असते. पात्राच्या शरीरापासून शंभर मीटरच्या आतील, न लपलेली प्रत्येक प्रतिमा आपोआप दिसते. त्यापलीकडील प्रतिमा शोधायची तर पात्राची अंतःप्रेरणा आणि संगणककौशल्य यांच्या बेरजेइतके फासे टाकावे लागतात. पाच किंवा सहा पडलेला प्रत्येक फासा हे एक यश, आणि एक यश मिळाले तरी पुरते. एखादे यंत्र लपून, म्हणजे आपली खूण न देता, चालत असेल, तर शोधणारा आणि लपणारा दोघेही फासे टाकतात. लपणाऱ्याची यशे शोधणाऱ्याच्या बरोबरीची किंवा अधिक भरली, तर तो दिसतच नाही.

अंतराचा खरा भार ‘नॉइज’, म्हणजे संदेशात मिसळणारा गोंगाट, या नावाने येतो. शंभर मीटरपर्यंत तो शून्य असतो, एक किलोमीटरपर्यंत एक, दहा किलोमीटरपर्यंत तीन, शंभर किलोमीटरपर्यंत पाच आणि त्यापुढे आठ, आणि हा आकडा टाकायच्या फाशांतून वजा होतो. धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावर हे नियम ठेवून पाहिल्यास त्यांचे वजन कळते. नळदुर्गात बसलेल्या डेकरला जवळच्या अणदुरातील यंत्रावर काम करताना तीन फासे गमवावे लागतील, तुळजापुरातील यंत्रासाठी पाच, आणि मुंबईतील यंत्रासाठी आठ. शिवाय मुंबईइतकाच आठ हा आकडा टोकियोसाठीही लागेल, कारण शंभर किलोमीटरपलीकडे नियमाला भेद करण्याची गरज वाटत नाही. तारेने थेट जोडणी केली तर मात्र गोंगाट शून्यावर येतो, मग ते अंतर कितीही असो. एखाद्या संस्थेच्या ‘होस्ट’मध्ये, म्हणजे तिने उभारलेल्या बंदिस्त आभासी वास्तूत, शिरल्यावरही बाहेरची मीटर-किलोमीटरची मोजणी थांबते, आणि तेथून पुढे आत येण्याचा अधिकार आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

या शेवटच्या नियमाचा प्रत्यक्ष इतिहास परंड्यात घडलेला आहे. तोफा आणि सुरुंग यांना दाद न देणारा हा किल्ला १६६० मध्ये गालिब या त्याच्या किल्लेदाराने विजापूरची बाजू सोडून मुघलांच्या हवाली केला. खंदकाची रुंदी तीच होती, तटाची जाडी तीच होती. बदलली ती चावी धरणाऱ्या हाताची निष्ठा. आभासी वास्तूतील परवान्यांचे नियम लिहिणाऱ्यांनी परंड्याचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही, परंतु भिंती भेदण्याच्या नियमांपेक्षा अधिकार चोरण्याच्या किंवा मिळवण्याच्या नियमांना त्यांनी अधिक पाने दिली, हे दुर्गांच्या इतिहासाशी सुसंगत आहे.

नळदुर्गाच्या परिसरात अंतर आणि उपस्थिती यांचा आणखी एक नियम आजही पाळला जातो, आणि तो कोणत्याही नियमपुस्तकातील नियमाइतकाच काटेकोर आहे. अणदूर आणि नळदुर्गजवळील मैलारपूर या दोन्ही ठिकाणी खंडोबाची मंदिरे आहेत. देव मात्र एकच. परंपरेनुसार तो सुमारे सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने मैलारपुरात राहतो, आणि देव नेण्या-आणण्याचा लेखी करार दोन्हीकडील मानकऱ्यांमध्ये केला जातो. भाविकाच्या दृष्टीने देव किती दूर आहे, हे त्यामुळे किलोमीटरांनी सांगता येत नाही, ते तिथीने सांगावे लागते : मैलारपूरच्या रहिवाशाला वर्षातील बहुतेक काळ देव शेजारच्या गावी असतो, आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेस तो त्याच्या स्वतःच्या गावात असतो. मानकरी, वारू, वाघ्या-मुरळी, दोन्ही गावांचे गावकरी यांच्यापैकी कोणी कोठवर चालायचे आणि कोणी कोठे सामोरे यायचे, हे या एका अंतरावर ठरलेले आहे. करार लिहिणाऱ्यांनी देवाचे स्थान निश्चित करताना माणसांची ये-जा निश्चित केली, आणि म्हणूनच दोन गावांमधील मान-पानाचा नाजूक तोल त्यावर टिकून राहू शकला.

भूमिकाखेळांच्या रचनाकारांना हेच उत्तर बऱ्याच वळणांनंतर सापडले. आरंभीच्या नियमांत जालात शिरणारे पात्र सोबत्यांपासून दूर, सुरक्षित खोलीत बसून आपला स्वतंत्र खेळ खेळत असे; गेममास्टर तासभर त्याच्याशी ठाण्यामागून ठाण्याचा हिशेब करी आणि टेबलाभोवतीचे बाकीचे खेळाडू रिकामे बसून राहत. अनेक गटांनी यावर उपाय म्हणून असे पात्रच खेळातून वगळले, किंवा ते गेममास्टरच्या हाती सोपवून टाकले. शॅडोरनने २००५ मधील चौथ्या आवृत्तीत कथेतील २०६४ साली जुने तारांचे जाल एका मोठ्या कोसळण्यात नष्ट झाल्याचे दाखवून बिनतारी जाल आणले आणि यंत्रांच्या संदेशांना पल्ला दिला, ज्यामुळे डेकरला सोबत्यांबरोबर घराबाहेर पडणे भाग पडले. शंभर मीटर आणि गोंगाट यांचे नियम हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होता.

पॉंडस्मिथ यांच्या २०२० मधील ‘सायबरपंक रेड’ने सर्वांत कठोर पाऊल उचलले. त्यात जगव्यापी जाल विषारी प्रोग्रॅमांमुळे कथेतच उद्ध्वस्त झालेले आहे आणि प्रत्येक इमारतीची संगणकव्यवस्था स्वतंत्र, इतरांपासून तोडलेली आहे. तिच्यात शिरायचे तर ‘नेटरनर’ला, म्हणजे जालात शिरणाऱ्या पात्राला, प्रवेशबिंदूपासून सहा मीटरच्या आत स्वतः जाऊन उभे राहावे लागते. आतील रचना मजल्यांसारखी एकाखाली एक आहे. पुढच्या मजल्यांवर काय आहे ते ‘पाथफाइंडर’ नावाच्या कौशल्याने आधी चाचपता येते आणि ‘क्लोक’ या दुसऱ्या कौशल्याने आपल्या खुणा झाकता येतात. मात्र नेटरनर आतल्या मजल्यावर झुंजत असताना त्याचा देह बाहेर, पहारेकऱ्यांच्या गोळ्यांच्या टप्प्यात, सोबत्यांच्या आडोशाने उभा असतो, आणि दोन्ही झुंजी एकाच फेरीत, एकाच टेबलावर, पाळीपाळीने सोडवल्या जातात. तो प्रवेशबिंदूपासून सहा मीटरांपलीकडे ढकलला गेला, तर त्याची जोडणी तुटते आणि आतील न हरवलेल्या रक्षकप्रोग्रॅमांचा मारा त्याला सोसावा लागतो. म्हणून त्याला त्या जागी टिकवून धरणे हे सबंध गटाचे काम होते.